रात्री सव्वा वाजता, डावीकडे

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय क्रूझवरच्या गप्पांविषयी. जहाज केवढं आणि खोली कितव्या मजल्यावर, ते राहू द्या. जेवणाच्या टेबलावर, डेकच्या कठड्याशी, कॉफीच्या कपाबरोबर ज्या गप्पा रंगतात, त्यांच्याविषयी. माझं सांगणं एकच: जहाजावर अनोळखी माणसांच्या टेबलावर बसा. डायनिंग हॉलच्या दारात विचारतात, वेगळं टेबल हवं की सगळ्यांबरोबर? सगळ्यांबरोबर म्हणा.

नॉर्वेचा गायरांगर फ्योर्ड बघायचा तर मे-जूनमध्ये जा, डोंगरावरचा बर्फ वितळत असतो, तेव्हा ‘सात बहिणी’ हा धबधबा भरून कोसळतो. हे मला सूप पिता पिता कळलं. पनामा कालव्यात जहाज पाण्याच्या पायऱ्यांनी 26 मीटर वर चढतं, ते बघायचं तर पहाटेच पुढच्या डेकवर जागा धरा. हेही टेबलावरच. पोटात ढवळायला लागलं तर हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं, आणि जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर जाऊन बसायचं, तिथे हेलकावे कमी लागतात. तेही टेबलावरच.

पण मला सांगायचीय ती गोष्ट बाईंची.

आमचं जहाज संध्याकाळी सहाला इटलीतल्या नेपल्सहून सुटलं, सिसिली बेटावरच्या मेसिनाच्या दिशेने. मी सगळ्यांबरोबरच्या टेबलावर बसलो. शेजारी एक सत्तरीच्या बाई होत्या, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायला लागलो. गोड पदार्थ आले, गप्पा चालल्या होत्या पाँपेईच्या, नेपल्सजवळच्या त्या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या जुन्या शहराच्या. कुणी म्हणालं ऊन फार होतं, कुणी म्हणालं गाइड चांगली होती. बाई मात्र खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी कागदी नॅपकिन पुढे ओढला आणि पर्समधून पेन्सिल काढली.

“नेपल्सपासून स्ट्रॉम्बोली, समुद्रातला जागता ज्वालामुखी, साधारण 130 सागरी मैल. आपला वेग 18 नॉट. म्हणजे तासाला 18 मैल. भागा.” आमच्यातल्या एका मुलाने भागाकार केला. सात तास आणि वर थोडं. “सहाला निघालो. म्हणजे रात्री सव्वा वाजता. डावीकडे. आज कुणी झोपायचं नाही.”

इथे मला एक म्हणायचंच आहे. पूर्वी रोज रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा छापील कागद यायचा. बऱ्याच जहाजांनी तो बंद करून सगळं मोबाइलवर आणलं. मला ते अजिबात पटलेलं नाही. कागदाच्या समासात वेळ लिहिता येते, शेजारच्याला दाखवता येते. आणि मोबाइल किनाऱ्याजवळ आला की आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवायला लागतो, जहाजाचं घड्याळ वेगळं असू शकतं. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. जहाजाच्या वेळेवर. बंदरात उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

तर, रात्री साडेबारा. बाईंनी आम्हाला वर लखलखत्या डेकवर नेलं नाही, पुढच्या टोकाला नेलं. तिथे दिवे मंद असतात, कारण ब्रिजवरच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथल्या अधिकाऱ्यांना अंधारात समोरचं दिसावं लागतं. बाईंच्या हातात नॅपकिनमध्ये बांधलेली बिस्किटं आणि चीजचे तुकडे. प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन ठेवले. वारा खारट, बिस्किटंही खारट लागायला लागली. समोर नुसता काळोख.

एक वाजला. काही नाही. सव्वा वाजला. त्या मुलाने जांभई दिली. बाई म्हणाल्या, “अहो, ढगाखाली बघा.” ढगाचा खालचा काठ किंचित तांबूस झाला होता, आणि पुन्हा विझला. दहा मिनिटं गेली. जहाज बेटाच्या पश्चिमेला सरकलं, डाव्या हाताला एक काळा शंकू उभा राहिला. आणि त्याच्या माथ्यावरून ठिणग्यांचं लाल कारंजं उडालं, वर गेलं, पसरलं आणि उतारावर सांडलं. इंजिनाच्या घरघरीत दुसरा आवाज नाही. कुणीच बोललं नाही. मी हातातलं बिस्कीट तसंच धरून होतो.

“दोन हजार वर्षांहून जास्त काळ हा असाच चाललाय,” बाई हळूच म्हणाल्या. “जुने खलाशी याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणायचे. तीस वर्षं मी हे फळ्यावर खडूने काढलं. लाल खडू यासाठीच जपून ठेवायचे.”

श्रोतेहो, त्या रात्री जहाजावरची बहुतेक माणसं झोपलेली होती. काही मागच्या बाजूला गाण्याच्या कार्यक्रमात होती. कार्यक्रमाच्या यादीत स्ट्रॉम्बोलीचं नाव नव्हतं. आम्ही सातजण तिथे होतो, कारण आम्ही एका टेबलावर बसलो होतो. म्हणून पुन्हा सांगतो, सगळ्यांबरोबर म्हणा.

आणखी दोनदा कारंजं उडालं. मग बेट मागे पडलं. आम्ही आत जायला वळलो, तर बाई दाराजवळच्या दिव्याखाली थांबल्या होत्या. नॅपकिन उलटा केलेला, पेन्सिल हातात.

“इथून मेसिनाची सामुद्रधुनी चाळीसेक मैल,” त्या म्हणाल्या. “आत्ता दीड वाजलाय. म्हणजे पावणेचार. दोन्ही काठांवरचे दिवे एकदम दिसतात. झोपणार आहात का?”