पाव वार कापड, दोन आकार

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते गोधडीसाठी कापडाचे छोटे तुकडे विकत घेण्याबद्दल. जवळ एखादा रद्दी कागद असेल तर हातात घ्या. नसेल तर रुमालही चालेल, पण चौकोनी नको, लांबट हवा.

हा कागद म्हणजे अर्धा वार कापड समजा. लांब बाजू म्हणजे कापडाचा पन्हा, म्हणजे ताग्याची रुंदी, ४४ इंच. आखूड बाजू १८ इंच. आता तो असा दुमडा की लांब बाजू लांबच राहील. हाती एक लांबोडकी पट्टी आली, ९ बाय ४४. दुकानात जाऊन नुसतं ‘पाव वार द्या’ म्हटलं की हीच पट्टी मिळते. कागद उलगडा आणि आता दुसऱ्या बाजूने दुमडा. हा तुकडा आखूड पण रुंद, १८ बाय २२. हाही पाव वारच. शिवणाऱ्या मंडळींत याला फॅट क्वार्टर म्हणतात. मीटरने कापड घेत असाल तर पहिला तुकडा २५ बाय ११२ सेंटिमीटर आणि दुसरा ५० बाय ५६.

दोन्ही तुकड्यांचं क्षेत्रफळ एकच, ३९६ चौरस इंच. मग फरक काय? ५ इंचाचे चौकोन कापून बघा. लांब पट्टीतून एकाच रांगेत ८ निघतात आणि वर ४ इंचांची चिंधी उरते. रुंद तुकड्यातून ३ रांगांत चार-चार, म्हणजे १२. त्याच कापडात दीडपट चौकोन! आणि १० इंचांचा चौकोन हवा असेल, तर लांब पट्टीतून एकही निघत नाही, कितीही ओढाताण करा. रुंद तुकडा दोन देतो.

म्हणून रुंद तुकडाच नेहमी चांगला, असं लगेच ठरवू नका. साडेचार इंचांचे चौकोन घेतले तर गणित उलटतं. लांब पट्टीतून १८, रुंद तुकड्यातून १६. आता इथे एक गंमत आहे. साडेचारचे दोन म्हणजे बरोबर ९ आणि चार म्हणजे बरोबर १८. कागदावर हे फार सुंदर दिसतं. पण कापणाऱ्याची कात्री जरा तिरकी गेली, किंवा कापड धुतल्यावर थोडं आटलं, की ते बरोबर ९ इंच पावणेनऊ होतात आणि अख्खी रांग हातची जाते. तेव्हा अगदी नेमकं बसणारं माप दिसलं की सावध व्हा. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जादा धरूनच कापड घ्यायचं.

त्यात किनारीचाही इंचभर सोडून द्यावा लागतो. पन्ह्याच्या दोन्ही टोकांना जी घट्ट विणलेली पट्टी असते, बारीक भोकांची, कधी रंगाचे गोल ठिपके छापलेली, ती गोधडीत घेऊ नये. ती बाकीच्या कापडासारखी आटत नाही, मग शिवण चुणते. पण दुकानातून आणल्यावर लगेच कापूनही टाकू नका. तुकडा छोटा असला की उभा धागा कुठला, आडवा कुठला, हे किनारच सांगते. किनारीला समांतर जातो तो उभा धागा. तो सगळ्यात कमी ताणतो. आडवा जरासा ताणतो. आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढलं, म्हणजे उरेब, तर कापड रबरासारखं लांबतं. किनार नसलेला तुकडा असेल तर दोन्ही दिशांनी ओढून बघा, हाताला कळतं.

आता माया. शिवणीसाठी सोडायच्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात, आणि गोधडीत ती सहसा पाव इंच असते, चारही बाजूंना. ५ इंचांचा चौकोन शिवल्यावर साडेचारचा दिसतो. जवळजवळ एक पंचमांश कापड शिवणीत गेलं. अडीच इंचांचा चौकोन घेतलात तर तो २ इंचांचा उरतो आणि तिथे जवळपास ३६ टक्के कापड आत जातं, एक तृतीयांशाहूनही जास्त! लहान तुकड्यांची गोधडी काटकसरीची असते असं आपण धरून चालतो. घरातल्या उरलेल्या कपड्यांची असेल तर खरंच असते. पण कापड विकत आणून त्याचे बारीक तुकडे करणार असाल, तर तुम्ही बरंचसं कापड मायेत घालवण्यासाठीच विकत घेताय. नक्षी आवडली म्हणून करा, खुशाल करा. फक्त बचत होतेय म्हणून करू नका.

तयार कापलेले गठ्ठेही मिळतात, ५ इंचांचे चौकोन, १० इंचांचे, अडीच इंचांच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या. त्यांच्या कडा बहुधा करवतीच्या दातांसारख्या असतात, दशा निघू नयेत म्हणून. माप दातांच्या टोकापासून धरायचं की खाचेपासून, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. गठ्ठा सोडल्यावर आधी एक चौकोन मोजपट्टीवर ठेवून मोजा. आणि हे तुकडे शिवण्याआधी धुऊ नका. त्यांचा आकार बिघडतो आणि दोऱ्यांचा गुंता होतो.

गठ्ठ्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. ते दुकानात फार देखणे दिसतात आणि घरी आणून शिवले की सगळं एकमेकांत मिसळून जातं. कारण बहुतेक गठ्ठ्यांत रंग वेगवेगळे असले तरी गडदपणा सारखाच असतो. डोळे किलकिले करून बघा, किंवा फोनवर फोटो काढून कृष्णधवल करा. सगळे तुकडे एकाच राखाडी छटेत आले तर नक्षी उठणार नाही. अशा वेळी दुसरा गठ्ठा घेण्यापेक्षा दोन-तीन फिकट आणि एखादा अगदी गडद सुटा तुकडा घ्यावा. मोठ्या फुलांच्या छापाचंही तसंच. फूल ८ इंचांचं आणि चौकोन ३ इंचांचा, तर एका चौकोनात नुसती पाकळी येते, दुसऱ्यात नुसती पार्श्वभूमी. जमलं तर झकास दिसतं, पण ते एकाच कापडाचे तुकडे आहेत हे कुणाला कळत नाही.

वजनावर मिसळीचे तुकडे घेतलेत तर सुती कुठले ते तपासून घ्या. एक दोरा उसवा, चिमट्यात धरा, पाण्याजवळ उभं राहून जाळा. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख मऊ, बोटाने चुरता येते. पॉलिएस्टर आखडतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. असा तुकडा गरम इस्त्रीखाली गेला तर इस्त्रीलाच चिकटतो.

आणि तीन गोष्टी छोट्या तुकड्यांत घेऊच नयेत. पार्श्वभूमीचं, म्हणजे नक्षीच्या मागे सगळीकडे दिसणारं कापड, पाठीचं कापड आणि गोट, म्हणजे गोधडीच्या कडेला लावायची पट्टी. गोटाचंच बघा. ६० बाय ८० इंचांच्या गोधडीचा घेर २८० इंच. कोपरे आणि जोड धरून २९० तरी हवा. अडीच इंचांची पट्टी, प्रत्येकीची लांबी ४० धरली तर ८ पट्ट्या, म्हणजे २० इंच कापड. अर्ध्या वारातही भागत नाही.

पार्श्वभूमीचं मी अनुभवातून शिकले. पांढरट कापड पाव-पाव वार करून, लागेल तसं घेत गेले. शेवटचे ११ चौकोन उरले असताना तेच कापड पुन्हा आणलं. दुकानातल्या दिव्याखाली अगदी तेच वाटलं, पण घरी खिडकीत धरलं तर पिवळसर. दुसऱ्या घाण्यातला रंग. ते ११ चौकोन मी एका कोपऱ्यात न लावता सगळीकडे विखरून लावले, त्यामुळे चूक नसून मुद्दाम केलंय असं वाटतं. ज्यांना सांगितलं नाही, त्यांना अजून कळलेलं नाही. आता तुम्हाला सांगितलं.