आधी दगड उलटा करा, मग पाण्याकडे बघा

मंडळी, नदीवर बोलायचं म्हटलं की सगळे पाण्यावर बोलतात. किती आहे, कुणाचं आहे, किती घाण आहे. आज आपण तळावर बोलू. नदी स्वतःला स्वच्छ करते असं आपण म्हणतो खरं, पण लहान ओढ्यात ते काम बरंचसं तळातल्या गोट्यांवर आणि वाळूत चालतं. आणि नदीच्या भल्यासाठी म्हणून जी कामं निघाली, त्यांत पहिला बळी गेला तो या तळाचाच.

झिरा सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडं दिसतं, पण हात-दीड हात वाळू उकरली की पाणी लागतं. पहिलं गढूळ उपसून टाकायचं, मग निवळशंख पाणी येतं. ते तिथे साठून राहिलेलं नसतं, वाळूतून सावकाश चाललेलं असतं. पात्र भरून वाहतं तेव्हाही हा खालचा प्रवाह चालूच असतो. डोह संपून खळाळ सुरू होतो तिथे पाणी गोट्यांच्या फटींत शिरतं, थोडं अंतर तळाखालून जातं आणि खळाळ संपतो तिथे पुन्हा वर येतं. वाटेत प्रत्येक खड्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो. पाण्यातली सेंद्रिय घाण तो खातो. जुन्या पद्धतीच्या जलशुद्धीकरणात वाळूची संथ गाळणी असते, तिचं तत्त्व हेच. तिच्यातून पाणी तासाला जेमतेम दहा-वीस सेंटिमीटर उतरतं. घाई केली की पाणी तसंच्या तसं बाहेर. डोह, खळाळ, पुन्हा डोह हा चढउतार म्हणजे या गाळणीत पाणी ढकलणारा पंप आहे, आणि त्याला वीजबिल येत नाही.

तळ जिवंत आहे की नाही, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पुरानंतर लगेच गेलात तर किडे वाहून गेलेले असतात आणि चांगला ओढाही नापास होतो. पोटरीभर पाण्याचा खळाळ निवडा. पालथ्या पंज्याएवढे दहा दगड, एकेक करून. दगड उचलण्याआधी त्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे जातं तिकडे, बारीक जाळी धरा, नाहीतर अर्धे जीव निसटतात. मग पांढऱ्या ताटात थोडं पाणी घेऊन दगडाची खालची बाजू त्यात मऊ ब्रशने झाडा.

आता ताटात बघा. चपटी अळी, बहुधा तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणारे कल्ले: ही मेफ्लाय. दोनच शेपट्या दिसल्या तर घाईने नाव देऊ नका, मेफ्लायच्या काही जातींनाही दोनच असतात. भिंगाखाली पाय बघा. एक नखी असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय. स्टोनफ्लाय सापडली तर त्या ओढ्याला जपा. थंड, खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याशिवाय ती सहसा टिकत नाही. दगडाला बारीक खड्यांची नळी चिकटलेली दिसेल, ते कॅडिस नावाच्या किड्याच्या अळीचं घर. तांबूस, गोल, नाण्यासारखं काही चिकटलेलं असेल तर ती एका भुंग्याची अळी आहे. नखाने खरवडू नका, मरते.

याउलट, ताटात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील तर तळात प्राणवायू संपत आलेला आहे. लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणून त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. डासांची अळी तर नळीने हवेतूनच श्वास घेते. तिला पाण्यातल्या प्राणवायूशी देणंघेणं नाही, आणि तिला खाणारे मासे मात्र गुदमरतात. नाल्याकाठी डास का वाढतात याचं निम्मं उत्तर इथे आहे. किती अळ्या यापेक्षा किती प्रकार, हे मोजा. आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा.

दगडावरचं शेवाळ खरवडून जगणारा मळ्या मासा आपल्याकडचाच. सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णनं १८३९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा याच्या शास्त्रीय नावात त्याने मराठी नावच ठेवलं. आज त्याला गारा मुल्या म्हणतात. दगडावर गाळाचा थर बसला की त्याचं ताट वाढलेलंच राहतं, पण खाता येत नाही.

प्राणवायू मोजायचा तर पहाटे मोजा. दुपारी शेवाळ प्रकाशात भरपूर प्राणवायू सोडतं आणि सडका डोहही कागदावर उत्तम दिसतो. ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तोही समुद्रसपाटीला. आंघोळीच्या पाण्याला किमान ५ हवा. बाटली पाण्याखालीच भरा, बुडबुडा राहू देऊ नका आणि काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घाला. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. पुढचं अनुमापन, म्हणजे नेमका आकडा काढणं, नंतर करा, पण हा रंग तिथल्या तिथेच गावकऱ्यांना दाखवा. आकड्यांच्या तक्त्यापेक्षा पांढरा साका जास्त पटतो.

आता सांडपाण्याचा हिशेब. बीओडी म्हणजे लिटरभर पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, मिलिग्रॅममध्ये. कच्च्या घरगुती सांडपाण्याचा बीओडी २५० धरू, आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३ आणि नदीच्या स्वच्छ पाण्याचा १. एक लिटर सांडपाणी ३ वर आणायला सुमारे १२४ लिटर स्वच्छ पाणी लागतं. तेच सांडपाणी प्रक्रिया करून १० वर आणलं तर साडेतीन लिटरमध्ये भागतं. धरणाखालच्या पात्रात मार्च-एप्रिलमध्ये १२४ लिटर कुठून आणणार? तिथे सांडपाणी हाच प्रवाह असतो.

खोलीकरणाकडे येऊ. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं आणि गावोगावी पोकलेन ओढ्यात उतरले. गाळ काढण्याला कुणाचाच विरोध नाही. पण गाळ संपला तरी मशीन थांबत नाही, कारण भाडं तासावर असतं. गोटे जातात, मुरूम जातो, डोह आणि खळाळ एकाच चरात जमा होतात. मघाचा पंप बंद. काठावर रचलेला गाळ पहिल्या मोठ्या पावसात परत आत येतो, बारीक माती तळाच्या फटी लिंपून टाकते आणि पाणी दिसतं पण मुरत नाही. याहून वाईट म्हणजे, तळ आजूबाजूच्या भूजलपातळीखाली गेला तर ओढा विहिरींना पाणी देण्याऐवजी त्यांच्यातलं ओढून घेतो. हे आधी कळू शकतं. जानेवारीत दोन्ही काठांवरच्या विहिरींची पाणीपातळी घ्या आणि गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने ओढ्याच्या तळाशी ताडून बघा. विहिरीतलं पाणी जिथे थांबलंय, त्याच्या खाली खणू नका. दीड तासाचं काम आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

चिठ्ठीवर प्रश्न आलाय, खोल केलेला ओढा पुन्हा सुधारतो का? काही अंशी, हो. काठावर फेकलेल्या ढिगातून मुठीपासून डोक्याएवढे गोटे वेगळे करून पात्रात परत टाका. सगळीकडे पसरू नका. पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर एकेक पट्टा द्या. चार मीटर रुंद ओढ्याला वीस ते अठ्ठावीस मीटरवर. पट्टा मध्यभागी किंचित खोलगट ठेवा, नाहीतर पाणी काठ पोखरतं. पहिल्या पावसाळ्यात पट्टे सरकतील, ओढा आपल्या सोयीने ते लावून घेईल, लगेच दुरुस्तीला धावू नका. किडे आपण आणून सोडायचे नसतात. ते वरच्या अंगाने वाहत येतात किंवा उडत येऊन अंडी घालतात. म्हणून खर्चाचा अंदाज काढण्याआधी वर किलोमीटर-दोन किलोमीटर चालत जा आणि तिथले दहा दगड उलटे करून बघा. तिथेही लाल अळ्याच निघाल्या, तर काम तिथून वर सुरू करावं लागेल.