जुना वेल्डिंग सेट उघडताना

मंडळी, नमस्कार. घरच्या वर्कशॉपमध्ये जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांसमोर बोलायचं ठरलं तेव्हा मी विषय एकाच यंत्रापुरता ठेवला: ट्रान्सफॉर्मरचा वेल्डिंग सेट. हँडल फिरवून करंट कमी-जास्त करायचा, चाकांवर ढकलत न्यायचा, चालू केला की घुमणारा तो जड सेट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय किंवा नाशिकच्या सातपूरला काय, गेट-ग्रील करणाऱ्या शेडमध्ये वर्षानुवर्षं हाच चालला. आता हलके इन्व्हर्टर आले आणि हे सेट भंगारात किलोवर जाऊ लागले. ते वाचावेत असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांच्यात उघडता येणार नाही असं काहीच नाही. लोखंडी पट्ट्यांचा गाभा, तारेची दोन वाइंडिंग म्हणजे कॉइल, एक लांब स्क्रू, चार टर्मिनल. वरवरचा गंज घासून काढता येतो, तांबं माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकतं. संपतं ते इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचं वीज अडवणारं आवरण. म्हणून आजचं माझं बोलणं बरंचसं इन्सुलेशनबद्दलच असणार आहे.

आधी सेट काय करतो ते थोडक्यात. घरातले २३० व्होल्ट किंवा दोन फेजमधले ४१५ व्होल्ट घेतो आणि रॉडकडे रिकाम्या अवस्थेत सत्तर-ऐंशी व्होल्ट देतो. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, पेटला की व्होल्टेज एकदम उतरतं. ११० अँपिअरला साधारण २४ व्होल्टवर येतं. हे उतरणं मुद्दाम घडवलेलं असतं. हँडल फिरवलं की प्रायमरी (मेनकडची कॉइल) आणि सेकंडरी (रॉडकडची कॉइल) यांच्यामध्ये लोखंडाचा एक ठोकळा आत-बाहेर सरकतो. तो आत गेला की चुंबकीय प्रवाहाचा काही भाग सेकंडरीला न पोचता त्या ठोकळ्यातूनच परत फिरतो आणि करंट कमी होतो. एसी आर्क सेकंदाला शंभर वेळा विझतो. प्रत्येक वेळी तो पुन्हा पेटवायला ते वरचे सत्तर-ऐंशी व्होल्ट लागतात, आणि रॉडवरचं फ्लक्सचं आवरण लागतं. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉडला असं आवरण दिलं, म्हणून एवढ्या साध्या ट्रान्सफॉर्मरवर आपण वेल्डिंग करू शकतो.

आता मुख्य गोष्ट. जुन्या सेटच्या वाइंडिंगवर सुती आवरण, कागद, सुती टेप आणि वर व्हार्निश असतं. कापूस आणि कागद हवेतलं पाणी शोषतात. व्हार्निशला बारीक भेगा पडल्या की प्रत्येक पावसाळ्यात थोडं पाणी आत शिरतं. कोकणात शेडमध्ये दोन-तीन पावसाळे बंद पडून राहिलेला सेट बाहेरून कितीही स्वच्छ दिसो, आतून तो ओला आहे असंच धरून चाला. अशा सेटला थेट प्लग लावून ‘चालतो का बघू’ म्हणणं हा त्याला मारण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. ओल्या कागदातून ठिणगी पडते, तिथे कोळसा होतो, आणि कोळशातून वीज वाहते. सुकवून वाचला असता असा सेट मग रिवाइंडिंगला जातो.

म्हणून पहिलं काम मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन वीज किती अडवतं ते मेगओहममध्ये दाखवणाऱ्या यंत्राचं. स्वतःचा नसेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. बहुतेक जण देतात. पॉवर फॅक्टरसाठी, म्हणजे मेनमधून ओढला जाणारा जादा करंट कमी करायला, कपॅसिटर बसवलेला असेल तर तो आधी डिस्चार्ज करा आणि सुटा करा. जुन्या कपॅसिटरबद्दल एक गंभीर सूचना. १९७९ साली अमेरिकेत ज्याचं उत्पादन बंद झालं ते पीसीबी नावाचं विषारी तेल त्या काळातल्या कपॅसिटरमध्ये सर्रास वापरलं जायचं. डबा फुगलेला किंवा पाझरणारा असेल तर हातमोजे घालून उचला. फोडू नका, जाळू नका. घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडेच तो जाऊ द्या.

मेगर ५०० व्होल्टचा. प्रायमरी आणि बॉडी, सेकंडरी आणि बॉडी, आणि प्रायमरी आणि सेकंडरी अशी तीन मापं घ्या. वापरातल्या सेटसाठी आंतरराष्ट्रीय मानक पहिल्या दोन ठिकाणी किमान अडीच मेगओहम मागतं आणि तिसऱ्या ठिकाणी पाच. तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण मेनच्या विजेत आणि तुमच्या हातातल्या होल्डरमध्ये तेवढाच आडोसा असतो. पावसाळ्यानंतर हे आकडे शून्याच्या आसपास आले तर लगेच निराश होऊ नका. बहुतेक वेळा ते पाणीच असतं.

सुकवायला घाई नको. सेटभोवती पत्र्याची किंवा प्लायची पेटी करा, खाली दोन-तीन साधे पिवळे बल्ब लावा, वरून हवा जायला फट ठेवा. आतलं तापमान सत्तर-ऐंशी अंशांच्या वर जाऊ देऊ नका. सुती इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंश आहे. ब्लो लॅम्पने कॉइल शेकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात बाहेरचा थर जळतो आणि आतलं पाणी तसंच राहतं. दर काही तासांनी बल्ब बंद करून मेगर लावा आणि आकडा कागदावर लिहा. इथे नवखा माणूस घाबरतो, कारण सुरुवातीला आकडा वाढायच्या ऐवजी घसरतो. तसंच व्हायला हवं. उष्णतेनं पाणी जागचं हलतं, आणि गरम इन्सुलेशन तसाही कमीच आकडा दाखवतं. मग आकडा तळाशी रेंगाळतो, हळूहळू चढू लागतो आणि शेवटी स्थिर होतो. चढायचा थांबला की सुकणं झालं. त्यानंतरच व्हार्निश. ओल्या कॉइलवर व्हार्निश मारलं तर पाणी आत कोंडलं जातं आणि सगळी मेहनत वाया जाते.

तेलातला सेट असेल तर तेलाचंही तेच. रंग काळा, वास जळका असेल तर तेल बदला. त्या तेलात इंजिन ऑइल मिसळून वेळ मारून नेऊ नका. टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं, म्हणून वरून काढलेल्या नमुन्यावर विसंबू नका. टाकी रिकामी करून पुसा, गॅस्केट नवं घाला, आणि नवं ट्रान्सफॉर्मर ऑइल बंद डब्यातलंच घ्या.

मेगरला एक गोष्ट कळत नाही: एकाच कॉइलमधले शेजारचे वेढे एकमेकांना चिकटलेत का. त्यासाठी आपल्याकडे सिरीज बल्ब लावायची पद्धत आहे. छोट्या कामाला ती उत्तम, पण या सेटवर शंभर वॅटचा बल्ब फसवतो. चांगला सेट रिकामा असतानाही काही अँपिअर ओढतो, त्यामुळे बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट खराब आहे असा समज होतो. मी सिरीजमध्ये दोन हजार वॅटचा हीटर घालतो. हीटर जेमतेम कोमट राहिला आणि सेकंडरीला अपेक्षित व्होल्टेज जवळपास पूर्ण मिळालं तर वेढे ठीक. हीटर लाल झाला आणि सेकंडरीचं व्होल्टेज पडलं तर आत शॉर्ट आहे. तेव्हा रिवाइंडिंगला पर्याय नाही, आणि खर्चाचा विचार तिथेच करायचा. ॲल्युमिनियमच्या वाइंडिंगचा छोटा सेट रिवाइंड करायला मी सहसा सांगत नाही. तांब्याचा असेल तर जरूर करा. मात्र जुनी कॉइल कापण्याआधी वेढे मोजा, पट्टीची जाडी-रुंदी घ्या, कॉइल कुठल्या दिशेनं गुंडाळली ते लिहून ठेवा.

गाभ्याचं काम सोपं. घुमण्याचा आवाज जास्त असेल तर पट्ट्यांचे बोल्ट आवळा, स्क्रूला ग्रीस द्या. फक्त पट्ट्यांच्या कडा कानशीनं घासू नका आणि त्यांना वेल्डिंग तर मुळीच मारू नका. पट्ट्या एकमेकींपासून अलग असतात म्हणूनच गाभा थंड राहतो.

घरी सेट चालवणाऱ्यांनी एक हिशेब करावा. रॉडकडे रिकाम्या अवस्थेतले ७५ व्होल्ट आणि ११० अँपिअर, गुणाकार सव्वाआठ हजार. भागिले २३०, म्हणजे मेनमधून जवळजवळ ३६ अँपिअर. सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासच्या साध्या रॉडला एवढे लागतात, आणि घरातला सॉकेट असतो सोळा अँपिअरचा. आर्कमध्ये प्रत्यक्ष जळणारी शक्ती पावणेतीन किलोवॅटच असते, बाकीचा करंट नुसता ये-जा करतो. म्हणून तर तो कपॅसिटर असतो. तेव्हा वेगळी लाइन, वेगळा ब्रेकर, जाड वायर आणि स्वतंत्र अर्थिंग. अडीच मिलिमीटरचा रॉड वापरून करंट सत्तर-ऐंशीवर ठेवला तरी याच हिशेबानं मेनमधून तेवीस ते सव्वीस अँपिअर लागतात, म्हणून त्यालाही सोळाचा सॉकेट पुरत नाही.

बाहेरच्या बाजूबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. सत्तर-ऐंशी व्होल्ट एसी कोरड्या हाताला मुंग्या आणतात, पण घामानं भिजलेल्या अंगाला, ओल्या जमिनीवर, ते जीव घेऊ शकतात. फुटलेल्या होल्डरला इन्सुलेशन टेप गुंडाळून काम भागवणं आपल्याकडे फार चालतं. सेटवर एवढी मेहनत घेतलीत, तर होल्डर नवा घ्या. परतीच्या वायरऐवजी सळई किंवा पाण्याचा पाइप वापरू नका. पस्तीस चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि घट्ट बसणारा क्लॅम्प लावा. टर्मिनलचे लग (केबलच्या टोकाचे धातूचे कान) काळे पडले असतील तर कापून नवे दाबून बसवा. सैल लग तापतो, आणि त्याची उष्णता केबलमार्गे थेट कॉइलच्या टोकाला, त्याच जुन्या कागदापर्यंत जाते.

शेवटी चाचणी. हीटर काढा, सेट अर्धा तास रिकामा चालवा, वास घ्या. मग कमी करंटवर दोन-चार रॉड जाळा, थांबा, पुन्हा जाळा. दहा मिनिटांतली किती मिनिटं सेट सलग चालवायचा हे त्याच्या प्लेटवर टक्क्यांत लिहिलेलं असतं. प्लेट वाचता येत नसेल तर निम्म्याहून कमी वेळ चालवा. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तिन्ही ठिकाणी मेगर लावा आणि आकडे तारखेसह पत्र्याच्या आतल्या बाजूला रंगानं लिहा, म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधी तपासाल तेव्हा कितीनं उतरलं ते कळेल. आता तुमचे प्रश्न घेऊ या.