भोक आत जाण्याचं की बाहेर पडण्याचं?

मंडळी, लाकडाला भोक दिसलं की आपल्याकडे दोनच नावं निघतात: वाळवी, नाहीतर भुंगा. लगेच सिरिंज येते, औषध येतं. माझं कळकळीचं म्हणणं असं, की औषध आणण्याआधी भोक वाचा. आजचा विषय हॉर्नटेल, म्हणजे शेपटीला शिंग असलेली, लाकडात वाढणारी गांधीलमाशी. तिचं जीवशास्त्र सांगायचं कबूल केलंय, ते सांगतोच, पण आधी भोकांपाशी थांबू.

जमिनीतून येणारी वाळवी असं स्वच्छ गोल भोक पाडतच नाही. ती मातीची नळी बांधत येते आणि लाकूड आतून खाते. टाचणीएवढी, एक-दोन मिलिमीटरची भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी, हे पावडरपोस्ट भुंगेऱ्यांचं काम. चपटं, लांबट भोक बहुतेक वेळा ज्युवेल बीटलचं. वाड्याच्या वाशाला बोट जाईल एवढं गोल भोक, खाली ताजा भुसा आणि काळ्या भुंग्याची ये-जा, तर तो सुतारभुंगा; त्याचं भोक मात्र खरोखर आत जाण्याचं.

हॉर्नटेलचं भोक ड्रिल मारल्यासारखं, अगदी वाटोळं, साधारण तीन ते आठ मिलिमीटरचं. एकाच फळीत लहान-मोठी भोकं दिसली तर गोंधळू नका, या किड्यांच्या आकारातच फार फरक असतो. मापायला ड्रिलच्या बिटांचा सेट पुरे. बिटाचा गुळगुळीत दांडा भोकात घाला. चहूबाजूंनी सारखा बसला तर गोल, दोन बाजूंना फट राहिली तर लंबगोल. मग फळी आडवी कापा. अळीचा बोगदा बारीक भुशाने इतका घट्ट ठासलेला असतो, की सुईने उकरावा लागतो.

आणि हे भोक बाहेर पडण्याचं! किडा निघून गेल्यावर तुम्ही औषध भरताय. हा किडा वाळलेल्या, घडवलेल्या लाकडात पुन्हा अंडी घालत नाही. फार तर त्याच लाकडात आधीपासून असलेली एखादी अळी वर्ष-दोन वर्षांनी माशी होऊन बाहेर येईल. लांबी (पुट्टी) भरा, पॉलिश करा, विषय संपला.

बाहेर पडताना ती काय करू शकते बघा. १८५७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे फ्रेंच सेनानी मार्शल वायाँ यांनी क्रिमियन युद्धातली काडतुसं ठेवली. त्यांतल्या शिशाच्या गोळ्यांना आरपार भोकं होती आणि ठपका आला याच कुळावर. शिसं हे काही तिचं अन्न नव्हे. वाटेत जे आडवं येईल ते कुरतडायचं, एवढंच तिला ठाऊक. म्हणून नव्या घरात फ्लोअरिंगमधून, प्लास्टरमधूनही ती निघते. सगळे घाबरतात, पण तिला नांगी नाही, ती डसत नाही.

ओळख सोपी. नेहमीच्या गांधीलमाशीसारखी बारीक कंबर नाही. छातीपासून पोटापर्यंत एकच नळकांडं. शेवटी भाल्याच्या टोकासारखं छोटं शिंग, ते नर-मादी दोघांनाही. मादीला त्याखाली अंडी घालायची लांब सोंडही असते. सिरेक्स नॉक्टिलिओ या हॉर्नटेलच्या जातीची मादी निळसर काळी, पाय तांबूस-पिवळे. नराचं पोट मधे नारिंगी, मागचे पाय जाड नि काळे. अळी पांढरट, दंडगोल, किंचित एस आकाराची, आणि शेपटीला एक गडद काटा. तो काटा दिसला की शंका उरत नाही.

वेळ संपत आली, तेव्हा कबूल केलेलं भरभर सांगतो. सोंडेचे भाग आलटूनपालटून सरकतात आणि खोडात शिरतात. अंड्यांबरोबर मादी दोन गोष्टी सोडते: झाडाला विषारी असा चिकट स्राव आणि अमायलोस्टेरियम बुरशी. झाड कोमेजतं, लाकडात बुरशी पसरते आणि त्या बुरशीच्या जोरावर अळी वाढते. फलन न झालेल्या अंड्यांतून नर होतात. मूळची युरेशिया-उत्तर आफ्रिकेतली ही सिरेक्स नॉक्टिलिओ १९०० च्या सुमारास न्यूझीलंडला, १९५२ मध्ये टास्मानियात पोचली आणि पाइनच्या लागवडी वाळल्या.

उपाय सापडला डेलाडेनस या सूत्रकृमीत, म्हणजे धाग्यासारख्या बारीक जंतात. तो तीच बुरशी खाऊन वाढतो, अळी भेटली की तिच्यात शिरतो आणि मादीला वांझ करतो. ती अंडी घालतच राहते, पण त्यांत असतात सूत्रकृमी. ऑस्ट्रेलियात एक चूक झाली: प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं नुसत्या बुरशीवर वाढवल्याने सूत्रकृमीची किड्यात शिरायची ताकदच कमी झाली. शेवटी टास्मानियातल्या कामोनाहून ताजा वाण आणावा लागला.

आपल्याकडे चाकणला यंत्रं येतात ती पाइनच्या खोक्यांतून. खोक्यावर आयपीपीसीचा (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा) शिक्का आणि एचटी, म्हणजे हीट ट्रीटमेंट, ही अक्षरं बघा. त्याचा अर्थ, लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवलंय. शिक्का नसलेल्या फळीतून माशी निघालीच, तर चिरडू नका. स्पिरिटच्या बाटलीत ठेवा, भोकासकट फळीचा वीतभर तुकडा कापा, आणि खोकं कुठल्या देशातून आलं ते चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून बाटलीतच टाका. शाई स्पिरिटमध्ये पसरते.