ईस्ट डार्टकाठचा डबा

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळातली चार कुटुंबं डार्टमूरला, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या उंच माळरानावर, गेली होती. पोस्टब्रिजला गाड्या लावल्या, तिथला जुना दगडी पूल डोळे भरून पाहिला आणि ईस्ट डार्ट नदीच्या काठाने वर निघालो. पूल १३व्या शतकातला मानतात. चुना नाही, सिमेंट नाही. खांबांवर ग्रॅनाइटच्या नुसत्या फरश्या टाकल्या आहेत, एकेक चार मीटरहून लांब. कथील लादलेली घोडी इथून जायची. पण आम्ही निघालो होतो एक डबा शोधायला.

लेटरबॉक्स म्हटलं की आपल्याला टपालाची लाल पेटी आठवते. डार्टमूरवर लेटरबॉक्स म्हणजे कातळाखाली दडवलेला घट्ट झाकणाचा डबा. आत एक वही आणि एक रबरी शिक्का. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का त्याच्या वहीत मारायचा, आणि डबा होता तसा परत ठेवायचा.

ही रीत १८५४ सालची. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या लोकांना क्रॅनमियर पूल (हा ‘पूल’ इंग्रजीतला, म्हणजे तळं) या दलदलीतल्या आडबाजूच्या जागी घेऊन जायचा. त्याने तिथे एक बाटली ठेवली. इथवर आलेल्यांनी तीत आपलं कार्ड टाकावं, एवढंच. पुढे लोक पत्ता लिहिलेली पत्रं ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ती उचलायची आणि खाली उतरल्यावर पोस्टात टाकायची. त्यावरूनच लेटरबॉक्स हे नाव पडलं.

हे वाचलं तेव्हा मला आमचं संगमेश्वराकडचं घर आठवलं. आजी एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा द्यायची, आणि तो संध्याकाळी मामाला पोचायचा. वाडीवर जाणारा कोणी दिसला की चिठ्ठी त्याच्या हाती. पेरटच्या बाटलीत पत्र टाकणाऱ्याला तर पुढचा माणूस कोण, कधी येणार, हेही ठाऊक नसायचं. तरी तो पत्र ठेवून जायचा. मला या छंदात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

आता आमच्या शोधाचं सांगते. खरे आकडे सांगणार नाही, डब्याचं गुपित फोडायचं नसतं. खुणेच्या चिठ्ठीवर दोन दिशा अंशांत दिल्या होत्या, एक हार्टलंड टॉरची आणि एक भिंतीच्या कोपऱ्याची. टॉर म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचे ग्रॅनाइटचे कातळ. दोन्ही खुणा होकायंत्रात एकाच वेळी जुळतील अशी जागा एकच, आणि तिथून नदीकडे बारा पावलं. आम्ही अर्धा तास फिरलो. टॉर जुळला की कोपरा हुकायचा. शेवटी माझी लेक म्हणाली, “आई, तुझ्या खिशात फोन आहे.” फोनमधल्या चुंबकाने होकायंत्राची सुई ओढली जात होती. फोन दुसऱ्याकडे दिला, पुन्हा मोजलं, बारा पावलं चाललो. समोर नेच्यांनी झाकलेला एक चिरलेला धोंडा. तिने हात घातला, एक सपाट दगड बाजूला सरकवला, आणि आतून डब्याचं हिरवं झाकण दिसलं. वहीची पानं दमट झाली होती, कडा फुगल्या होत्या. शेवटचा शिक्का एका घोड्याचा होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. नदीचा आवाज सोडला तर कोणी बोलत नव्हतं.

परत ठेवताना ज्या काळजीने तिने तो दगड पहिल्यासारखा लावला, ती मी घरात कधी पाहिली नव्हती.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. जुन्या दगडी रांगा, समाध्या, भिंती यांना हात लावायचा नाही; डबा तिथे ठेवतच नाहीत. खणायचं नाही. १ मार्च ते ३१ जुलै पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा कुत्रा दोरीला बांधलेलाच हवा. क्रॅनमियर पूलकडे लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, म्हणून आधी वेळापत्रक बघा आणि लाल निशाण दिसलं तर पुढे जाऊ नका. उपग्रहाच्या मदतीने डबे शोधण्याचा खेळ २००० सालापासून जगभर पसरला आहे, तोही चांगला आहे. पण मुलांना आधी होकायंत्र हातात द्या, असं मी आग्रहाने म्हणेन.

आपल्या मुलांनी आता मंडळाचा शिक्का करायला घेतला आहे. खोडरबरावर ‘म’ कोरला, कागदावर तो उलटा उमटला. मग पातळ कागदावर गिरवून, कागद पालथा घालून पुन्हा कोरला. आता नीट उमटतो, फक्त डोक्यावरची रेघ उजवीकडे जरा तुटते. पुढच्या खेपेला डार्टमूरवरच्या एखाद्या वहीत तो मारायचा आहे.

आमची वही त्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर ईस्ट डार्टकाठचा शिक्का आहे. बघून झाली की शेजारच्यांकडे द्या.