बारीक माणसाचं पोट

[दृश्य: गोल्फ क्लब मैदान, नाशिक. सकाळचा ट्रॅक.]

सकाळी फिरायला येणाऱ्या या गर्दीत एक शरीरयष्टी पुन्हा पुन्हा दिसते. हातपाय बारीक, गाल बसलेले, आणि शर्टाच्या खालच्या दोन बटणांपाशी मात्र कापड ताणलेलं. वजनकाट्यावर हा माणूस ठाकठीक. उपाशीपोटीचा रिपोर्ट हातात पडला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मी कुठे जाड आहे, मग मला शुगर कशी?

[दृश्य: दोन पुरुषांची रेखाचित्रं, शेजारी शेजारी.]

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. उंची-वजनाचं गणित आपल्या लोकांच्या बाबतीत किती फसवं आहे, हे यापेक्षा स्वच्छ क्वचितच कुणी दाखवलं असेल.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची मेदपेशी.]

ही मेदपेशी. जवळजवळ सगळी जागा तेलाच्या एकाच मोठ्या थेंबाने व्यापलेली, केंद्रक बिचारं कडेला दाबलं गेलेलं. जेवण झालं की इन्सुलिन तिला बजावतं: चरबी आत घे, आतली बाहेर सोडू नकोस. ही आज्ञा पाळली जाते तोवर सगळं सुरळीत असतं.

लासलगावच्या शेतकऱ्याला विचारा. कांदाचाळ भरली आणि तरी माल येतच राहिला, तर तो अंगणात ओतावा लागतो, आणि सडायला सुरुवात तिथून होते. मेदपेशीचंही असंच. प्रमाणाबाहेर फुगलेली पेशी इन्सुलिनला दाद देईनाशी होते. तिच्याभोवती प्रतिकारपेशी जमतात आणि टीएनएफ-अल्फासारखे दाहक रेणू सोडतात. 1993 मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत हा रेणू सापडला आणि चरबी हे नुसतं कोठार नाही हे उघड झालं. मग भरल्या पोटीसुद्धा मेदाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, रक्तात झिरपत राहतात, आणि यकृतात, स्नायूंत जाऊन बसतात.

खरी गोष्ट इथे सुरू होते. मेदाम्ल म्हणजे फक्त इंधन नव्हे, तो निरोपही आहे. त्यापासून यकृताच्या पेशीत डायअसिलग्लिसरॉल तयार होतं. ते पीकेसी नावाच्या विकराला (एन्झाइमला) जागं करतं आणि तो विकर थेट इन्सुलिनच्या ग्राहकालाच, म्हणजे पेशीवर इन्सुलिन जिथे येऊन चिकटतं त्या रिसेप्टरलाच, ढिला करतो. दुसरा रेणू सिरॅमाइड. इन्सुलिनचा निरोप पेशीत पुढे नेणारं एकेटी हे प्रथिन तो मध्येच थंड पाडतो. इन्सुलिन दारात उभं आहे, पण आत कुणाला पत्ताच नाही. म्हणून यकृत नको असतानाही साखर बनवत राहतं, स्नायू साखर उचलत नाहीत, आणि स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. साखरेचा आकडा वर्षानुवर्षं बरा दिसतो तो याच ओढाताणीच्या जोरावर.

मग चरबीच नको? तसंही नाही. काही मुलं जन्मतःच मेदपेशींशिवाय, किंवा अगदी थोड्या मेदपेशी घेऊन येतात. त्यांच्यात इन्सुलिनला होणारा विरोध भयंकर असतो, कारण चरबीला बसायला हक्काची जागाच नसते. कातडीखालची चरबी त्या मानाने निरुपद्रवी. यकृतातली आणि आतड्यांभोवतीची घातक.

[दृश्य: कमरेभोवती टेप.]

म्हणून काट्याआधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर, स्त्रियांसाठी 80. त्यापुढे गेलात तर बारीक हातपायांवर विसंबू नका, तपासणी करून घ्या.

जेवणानंतर चाललात तर आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर उचलतात. आणि यकृतातली चरबी हटते, तीही लवकर. 2011 मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी टाइप 2 मधुमेह असलेल्या 11 जणांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला 600 कॅलरींच्या आहारावर ठेवलं. सातच दिवसांत यकृतातली चरबी 30 टक्क्यांनी उतरली होती, आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मलवर आली होती. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर असा आहार घरच्या घरी करायचा नाही, साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला.