चाल राणीच्या वाढदिवसाची, शब्द नाताळचे

[दृश्य: हस्तलिखिताचं पहिलं पान, अगदी जवळून. संगीत नाही.]

गायकांच्या ओळीखाली बघा. काही शब्द लिहून खोडले आहेत. "टोनेट, ईर पाउकेन". वाजा रे नगाऱ्यांनो. खोडलेल्या शब्दांच्या जागी आलंय "याउखत्सेट, फ्रोलॉकेट". जल्लोष करा, आनंद करा.

अक्षर जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखचं. गाव लाइपझिग, साल १७३४. कागद आज बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे. बाख तेव्हा ४९ वर्षांचा, लाइपझिगच्या मुख्य चर्चांच्या संगीताचा प्रमुख. नाताळचं ओरेटोरिओ, म्हणजे गाण्यांतून धर्मकथा सांगणारी सहा भागांची रचना, लिहायला बसला आणि हात सवयीने जुने शब्द लिहून गेला.

जुने म्हणजे वर्षभरापूर्वीचे. ८ डिसेंबर १७३३ ला मारिया योसेफाचा वाढदिवस होता. ती पोलंडची राणी आणि सॅक्सनी या जर्मन संस्थानाच्या इलेक्टरची, म्हणजे तिथल्या शासकाची, पत्नी. बाखने तिच्यासाठी एक कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची गीतमाला, रचला आणि कॉलेजियम म्युझिकम या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाने तो वाजवला. त्याआधी तीन महिने, ५ सप्टेंबरला, तिच्या ११ वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसासाठी आणखी एक रचला होता. दरबारातली पदवी मिळावी म्हणून बाखने त्याच वर्षी सॅक्सनीच्या राजधानीत, ड्रेस्डेनला, अर्ज केलेला होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

वाढदिवसाचं गाणं एकदाच. नाताळ दरवर्षी येतो.

[दृश्य: दोन पानं शेजारी शेजारी, १७३३ आणि १७३४.]

चाल तीच ठेवून शब्द नवे घालणं मराठी रसिकाला परकं नाही. संगीत नाटकाचं जुनं छापील पुस्तक उघडलं, की पदाच्या डोक्यावर "चाल" असं लिहून आधीच्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. त्याला कुणी उसनवारी म्हणत नाही. बाखच्या बाबतीत मात्र कामाचा ताण, वेळेची टंचाई अशी कारणं सांगत राहतात. या पानांवर जे दिसतं ते वेगळं आहे. ते मापं घेऊन, उसवून, पुन्हा शिवलेलं काम आहे.

पहिलं माप अक्षरांचं. "टो-नेट-ईर-पाउ-केन", पाच अक्षरं. "याउख-त्सेट-फ्रो-लॉ-केट", पाच. पुढचा तुकडा सहाचा, नवाही सहाचा. त्यापुढची ओळ दहाची, नवीही दहाची. आघातही जागच्या जागी: एक जड, दोन हलकी. आपल्या छंदशास्त्रात ज्याला भ गण म्हणतात, तसंच वजन. तीन अंशांच्या लयीत हे वजन आपोआप बसतं, म्हणून एकही स्वर हलवावा लागला नाही.

अडचण अर्थाची होती. मूळ ओळ नगाऱ्यांना हाक मारते, म्हणून संगीताची सुरुवात एकट्या नगाऱ्यांनी होते. मग ट्रम्पेटना हाक, मग तारांच्या वाद्यांना. नव्या शब्दांत नगारे उरले नाहीत, पण सुरुवात तशीच राहिली. गायक शिरतात तेही सगळे एकाच सुरावलीत, खालच्या पट्टीत, नगाऱ्याची नक्कल करत. म्हणून गाणाऱ्यांची इथे फसगत होते. शब्द "जल्लोष करा" आणि स्वर खाली. जोर लावून आवाज वाढवायला गेलं की आवाज घोगरा होतो आणि शब्द बुडतो. व्यंजनं टिपरीसारखी वाजवली तर ओळ उभी राहते. मूळ शब्द माहीत असलेला गायक हे लगेच ओळखतो.

[दृश्य: नगारे. स्क्रू फिरवणारा हात, कातड्याला लावलेला कान.]

ही टिंपनी. तांब्याची दोन भांडी, वर कातडं, कडेला कडं आणि त्यावर स्क्रू. एक भांडं डी स्वराला, दुसरं ए स्वराला. पेटीच्या भाषेत पांढरी दोन आणि पांढरी सहा. बाखच्या काळच्या पद्धतीने वाजवणारे वाद्यवृंद आज बहुधा अर्धा स्वर खाली लावतात, म्हणून त्यांचा डी ऐकायला काळी एकवर पडतो.

स्क्रू समोरासमोरच्या जोडीने फिरवायचे, एकेक चक्कर करत नाही. एका बाजूने ताणलं तर कातडं दोन स्वर बोलतं. हात बोटभर कडेच्या आत आपटून प्रत्येक स्क्रूपाशी स्वर सारखा येतो का ते बघायचं. मग खरी पंचाईत सुरू होते. चर्च थंड असतं. लोक भरतात, श्वासाने हवा दमट होते, कातडं ओल धरतं, सैल पडतं, स्वर उतरतो. त्याच वेळी हवा गरम होते आणि फुंकायच्या वाद्यांचा स्वर चढतो. दोघे एकमेकांपासून लांब जाऊ लागतात. म्हणून वादक दोन भागांच्या मध्ये कातड्याला कान लावून बसलेला दिसतो. ऑर्गनच्या नळ्याही तापमानाबरोबर सरकतात, एका अंशाला साधारण तीन सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचे तीन शतांश. दहा अंशांचा फरक पडला, तर बसलेल्या श्रोत्यालाही खटकतो.

[दृश्य: लांब, सरळ ट्रम्पेट. मग गॉटफ्रीड राइखचं तैलचित्र.]

आणि ट्रम्पेट. तीन. कळ नाही, झडप नाही. उलगडली तर दोन मीटरहून लांब भरणारी पितळेची नळी. आजचा नेहमीचा ट्रम्पेट १.४ मीटरच्या आसपास असतो. तुतारीसारखंच इथे सगळं ओठांवर. नळी जे नैसर्गिक स्वर देईल, तेवढेच मिळतात. खाली ते विरळ असतात, आठव्यापासून वर दाट होतात. आठवा सा, नववा रे, दहावा ग. अकराव्यापाशी गाडी अडते: तो धड शुद्ध मध्यम नाही, धड तीव्र नाही, बरोबर मधला. बारावा पंचम छान. तेरावा धैवत कोमल आणि शुद्धच्या मध्ये लटकलेला. हे दोन स्वर ओठांनी खेचून जागेवर आणायचे असतात. जास्त खेचला की स्वर फुटतो आणि शेजारच्याच स्वरावर उडी मारतो. नळीवर जी बारीक भोकं दिसताहेत ती १९६० च्या सुमाराची जर्मन युक्ती. भोक उघडलं की हे वेडेवाकडे स्वर टाळता येतात. बाखच्या वादकाकडे ती नव्हती.

चित्रातला माणूस गॉटफ्रीड राइख, लाइपझिगचा नगरवादक. हातात गोल वळवलेला ट्रम्पेट आणि स्वरांचा कागद. चितारणारा एलियास गॉटलोब हाउसमान. बाखचं ते ओळखीचं चित्रही त्याचंच. ५ ऑक्टोबर १७३४ ला राजाच्या सन्मानार्थ बाखचा कँटाटा चौकात उघड्यावर वाजला, ६०० विद्यार्थी मशाली घेऊन उभे. दुसऱ्या दिवशी राइख गेला. वय ६७. वाजवण्याचे श्रम आणि मशालींचा धूर, असं कारण तेव्हाच्या नोंदीत आहे. नाताळात पहिला ट्रम्पेट दुसऱ्याच्या हातात होता.

त्या कँटाटातलीही एक एकलगायकी नाताळात परत आली, पाचव्या भागात. मूळ सोप्रानोसाठी, म्हणजे सगळ्यात उंच आवाजासाठी, खर्जाच्या साथीशिवाय. नव्यात ती बास, म्हणजे पुरुषांच्या सगळ्यात खालच्या, आवाजाला दिली आणि खाली साथ घातली. मूळ गाण्याला बुडखाच नव्हता, तो बाखने बसवला.

[दृश्य: अल्टो गायिका, मागे बासरी. मंद प्रकाश.]

हे अंगाईगीत ऐका. "श्लाफे, माइन लीब्स्टर". झोप, लाडक्या. दुसऱ्या भागात ते बाळ येशूसाठी आहे. मूळ गाणं राजपुत्राच्या वाढदिवसाचं, आणि तिथे ते म्हणते चैन नावाची मोहिनी. समोर ग्रीक कथांमधला वीर, तरुण हर्क्युलिस, चैनीची वाट धरायची की सद्गुणाची या विचारात. त्याला भुलवण्यासाठी ती अंगाई गाते.

पहिल्या ओळीत बदल एका शब्दाचा. संगीतात मात्र बराच. मूळ गाणं सोप्रानोला, बी फ्लॅट मेजरमध्ये. नवं अल्टोला, म्हणजे सोप्रानोच्या खालच्या आवाजाला, दीड स्वर खाली, जी मेजरमध्ये. चकाकी गेली, ऊब आली. गायिकेच्या वर एक सप्तक बासरी तेच गाते, आणि ओबोची, म्हणजे सनईच्या जातीच्या वाद्यांची, मंडळी साथीला येते.

उलटा प्रवास पहिल्या भागात. "बेराइटे डिख, त्सिऑन". सज्ज हो, सियोन. सियोन म्हणजे इथे वधूच्या रूपातली भक्तमंडळी. मूळ शब्द होते "मला तुझं ऐकायचं नाही". हर्क्युलिस त्या मोहिनीला झिडकारतो, सापांचा उल्लेख येतो, व्हायोलिनं तुटक, टोचून वाजतात. त्याच स्वरांवर आता वधू वराची वाट पाहते. बाखने व्हायोलिनला ओबो दामोरे या गोड, किंचित सानुनासिक वाद्याची जोड दिली आणि तुटक स्वरांवर जोडचिन्हं टाकली. राग ओसरतो, ओढ उरते. वादकाने ही चिन्हं दुर्लक्षली, तर शब्द नाताळचे आणि सूर भांडणाचा, असं होऊन बसतं. चर्चच्या प्रतिध्वनीत ती सहज दुर्लक्षली जातात, कारण मुळात सगळंच एकमेकांत मिसळत असतं.

[दृश्य: हस्तलिखिताची मधली पानं, एकामागून एक.]

जुनं कुठलं, नवं कुठलं, हे पानांवरून कळतं. जिथे चाल जुनी तिथे अक्षर शांत, ओळी नेमक्या, खाडाखोड जवळजवळ नाही. बायबलमधल्या शुभवर्तमानाचं निवेदन नवं, तिथे दुरुस्त्या. आणि तिसऱ्या भागात "श्लीसे, माइन हेर्त्से" या गाण्यापाशी बाख अडला. एक आरंभ लिहिला, सोडून दिला. मग एकटं व्हायोलिन आणि अल्टो अशी नवीच रचना केली. येशूची आई मरिया हे आश्चर्य मनात जपून ठेवते, त्या जागी वाढदिवसाची कुठलीच चाल बसली नाही, एवढं या पानावरून म्हणता येतं. जिथे बसलं नाही तिथे त्याने ओढूनताणून बसवलं नाही.

[दृश्य: कारखाना. लाकूड कातणारं यंत्र, करवत, वाफ.]

दुसऱ्या भागाची सुरुवात गाण्याने होत नाही, फक्त वाद्यं वाजतात. बासऱ्या आणि व्हायोलिनं एकीकडे, चार ओबो दुसरीकडे: दोन ओबो दामोरे, दोन ओबो दा काचा. देवदूत आणि मेंढपाळ, अशी वाटणी ऐकू येते. हे ओबो दा काचा कसं दिसतं, हेच बराच काळ कुणाला नीट माहीत नव्हतं. लाइपझिगच्या योहान हाइनरिख आइखेनटोफने १७२४ साली बनवलेली वाद्यं संग्रहालयांत होती, ती ओळखली गेली १९७० च्या दशकात.

बनवायचं असं. लाकडाचा सरळ दांडा कातायचा आणि आरपार पोखरायचा. मग जी बाजू आत वळणार तिच्यावर करवतीने जवळ जवळ, सारख्या अंतरावर आडव्या खाचा घ्यायच्या. वाफ द्यायची, हळूहळू वाकवायचं. खाचा मिटत जातात. आतल्या बाजूला लाकडाची पट्टी सरसाने चिकटवायची, वाद्य वाळू द्यायचं, वर चामडं चढवायचं, टोकाला पितळेचा कर्णा. खाचा कमीजास्त झाल्या, तर दांडा कमानीसारखा न वळता एकाच जागी मोडल्यासारखा वाकतो आणि आतली पोकळी तिथे चिमटते. पट्टीतून हवा निसटली, तर खालचे स्वर बोलतच नाहीत. चामडं शोभेसाठी नाही, हवा अडवण्यासाठी.

डिसेंबरात आणखी एक धास्ती. गारठलेल्या लाकडात गरम, ओला श्वास गेला, की आतून फुगतं आणि बाहेरून तडकतं. म्हणून वाजवण्याआधी वाद्य काखेत धरून ऊब द्यायची.

[दृश्य: चर्चमधल्या ऑर्गनचं कीबोर्ड. वादकापुढचा कागद.]

या ऑर्गनवादकाचा कागद बघा. सगळे डी मेजरमध्ये, हा सी मेजरमध्ये. चूक नाही. लाइपझिगचे ऑर्गन बाकी वाद्यांपेक्षा पूर्ण एक स्वर चढे होते, म्हणून नकलनवीस ऑर्गनचा भाग एक स्वर खाली उतरवून लिहीत. तो विसरला, तर सुरुवातीलाच सगळं फसणार.

नकला करायला वेळ होता. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, दुसऱ्या रविवारपासून नाताळपर्यंत लाइपझिगच्या चर्चमध्ये वाद्यवृंदाचं संगीत बंद असे. गायक किती हवेत, ते बाखने १७३० च्या निवेदनात नगरपालिकेला लिहून दिलं होतं: १२, शक्य तर १६. त्याच कागदावर त्याच्या शाळेतल्या मुलांचा हिशेब आहे. कामाची १७, अजून तयार नसलेली २०, निरुपयोगी १७.

[दृश्य: दोन्ही चर्चच्या मधला रस्ता, पहाट, बर्फ.]

मग सहा दिवस. २५ डिसेंबरला सकाळी सेंट निकोलस चर्च, दुपारी सेंट थॉमस चर्च. २६ ला उलट. २७ ला फक्त सेंट निकोलस. १ जानेवारीला चौथा भाग, ट्रम्पेटऐवजी दोन हॉर्न, एफ मेजर. २ जानेवारी, रविवार, पाचवा. ६ जानेवारीला सहावा, पुन्हा ट्रम्पेट. एकूण ६४ तुकडे. आज बहुतेक ठिकाणी पहिले तीन एका संध्याकाळी उरकतात आणि हॉर्नचा चौथा भाग राहून जातो. तो राहू नये.

बाखनंतर हे सगळं गप्प झालं. पूर्ण पुन्हा ऐकू आलं १७ डिसेंबर १८५७ ला, बर्लिनच्या झिंग-अकाडेमी या गायनसंस्थेत. २५ डिसेंबर २०३४ ला ३०० वर्षं होतील.

[दृश्य: शेवटचं समूहगान. तीन ट्रम्पेट उभे.]

शेवटच्या समूहगानाची चाल पहिल्या भागातही येऊन गेली, साधी, वाद्यांच्या थाटाशिवाय. ती बाखची नाही. १६०१ साली हान्स लिओ हास्लरने ती एका प्रेमगीतासाठी रचली. मग चर्चने घेतली आणि क्रुसावरच्या येशूच्या जखमांचं स्तोत्र तिच्यावर बसवलं. लाइपझिगच्या लोकांनी ती लहानपणापासून त्या शब्दांत ऐकलेली. ६ जानेवारी १७३५ ला तीच चाल डी मेजरमध्ये, ट्रम्पेट आणि नगाऱ्यांसह, विजयाच्या शब्दांत.

[निवेदन इथे थांबतं. समूहगान शेवटपर्यंत पूर्ण ऐकू द्यावं.]